सखाहरी परवानगी काढतो

बोरखिंड नावाच्या गावात सखाहरी म्हणून एक भोळा माणूस होता. तो दोर वळायचा. दोर चांगला वळायचा, पण सांगितलेल्या शब्दाबाहेर एक बोट जायचा नाही. एकदा गोविंदतात्यांनी त्याला सांगितलं, "विहिरीसाठी दोर वळ. तळाला पोचला पाहिजे." सखाहरीनं विहिरीचं माप घेतलं, दोर वळला आणि विहिरीत सोडला. सगळा सोडला. दोर तळाला पोचला. वर हातात धरायला टोक राहिलं पाहिजे, असं तात्या बोलले नव्हते.

सखाहरीची बायको मालन. ती शहाणी होती. तिला तिच्या आईनं दिलेले सोन्याचे दोन झुबे होते. प्रत्येकात तीन मोती आणि मधे लाल खडा. आई गेली, माहेरचं घर भावांनी वाटून घेतलं, मालनच्या वाट्याला ते झुबेच तेवढे राहिले. ती ते सणासुदीलाच घालायची.

आठ मार्चला गावच्या शाळेत महिला दिन झाला. बायकांची संगीत खुर्ची ठेवली होती. मालन झुबे घालून गेली आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत टिकली. खुर्चीवर बसली, टाळ्या झाल्या, आणि कानाला हात लावला तर उजवा झुबा नाही. वीस बायकांनी मैदान धुंडाळलं. मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मैदानावर मुरमाच्या चार ट्रॉल्या पडल्या आणि त्यावर रोलर फिरला.

मालन घरी येऊन बसली. कानाचं भोक बुजू नये म्हणून तिनं त्यात कडुनिंबाची काडी घातली. रडली नाही. पण दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. सखाहरीनं ते निमूट खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी तो मेव्हण्याकडे गेला.

मेव्हणा रंगनाथ एका ठेकेदाराकडे जमिनीतले पाईप शोधायच्या कामावर होता. त्याच्याकडे एक यंत्र होतं. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चाक. जमिनीत धातू आला की कुंई कुंई वाजायचं.

"दाजी, यंत्र न्या," रंगनाथ म्हणाला. "पण शाळेची जागा सरकारी. आधी परवानगी काढा."

"कुठनं काढू?"

"शाळेतनं काढा की."

दुसऱ्या दिवशी सखाहरी शाळेत गेला. यंत्र घरीच ठेवलं. बरोबर खुरपं आणि घमेलं नेलं. मैदानाच्या मधोमध बसला आणि खणायला लागला. मुलांची प्रार्थना चालली होती. मुलं हात जोडून एका डोळ्यानं बघत होती.

शाळेच्या मुख्याध्यापिका बनसोडे बाई धावत आल्या. "सखाहरी, हे काय करताय?"

"परवानगी काढतोय."

"कुठून?"

"अजून लागली नाही. खोल असेल."

बाई तीस वर्षं पहिलीला शिकवत होत्या, म्हणून त्या चिडल्या नाहीत. त्यांनी खड्डा बुजवून घेतला आणि त्याला समजावून सांगितलं, "परवानगी जमिनीतून निघत नाही. मागावी लागते. मला ती देता येत नाही. तालुक्याला शिक्षण ऑफिसात कुलथे साहेब आहेत, ते देतील. आणि असं कुठंही घुसायचं नाही बरं. दारात उभं राहायचं. 'आत येऊ का' म्हणून विचारायचं. समोरचा 'या' म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायचं नाही."

"बरं," सखाहरी म्हणाला. त्यानं ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला जायला एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. गाडी आली. दार उघडलं. सखाहरी दारासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आत येऊ का?"

कंडक्टर म्हणाला, "चला, चला, चला."

सखाहरी थांबला. बाईंनी 'या' सांगितलं होतं. हा 'चला' म्हणत होता. मागची माणसं त्याला ढकलून चढली आणि गाडी गेली.

दुसरी गाडी आली. "आत येऊ का?"

"पुढं सरका, पुढं सरका," तो कंडक्टर म्हणाला.

सखाहरी पुढं सरकला. बाहेरूनच. सरकत सरकत ड्रायव्हरच्या खिडकीपर्यंत गेला. गाडी गेली.

तिसऱ्या गाडीवर कंडक्टरबाई होत्या. सखाहरीनं विचारलं, "आत येऊ का?" त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, दंडाला धरलं आणि आत ओढला.

"काका, विचारत बसलात तर जन्मभर थांब्यावर राहाल," त्या म्हणाल्या. "दार उघडं दिसलं की शिरायचं. जागा रिकामी दिसली की बसायचं. आणि एकदा बसल्यावर कोणी 'उठा' म्हटलं तरी उठायचं नाही. समजलं?"

"समजलं," सखाहरी म्हणाला. आधीचं पुसून टाकून त्यानं हे पाठ केलं.

तालुक्याच्या ऑफिसात पोचला तेव्हा अकरा वाजले होते. एका खोलीचं दार उघडं होतं. तो शिरला. आत मोठं टेबल, टेबलामागं फिरती खुर्ची, खुर्चीवर पांढरा टॉवेल. खुर्ची रिकामी. तो बसला.

जरा वेळानं शिपाई चहा घेऊन आला. शिपाई नवीन होता. त्यानं साहेबांना अजून बघितलं नव्हतं, त्यानं खुर्ची बघितली आणि चहा ठेवला. सखाहरीनं तो प्यायला. मग एक मास्तर आले आणि हात बांधून, मान खाली घालून उभे राहिले.

"साहेब, चार दिवस रजा पाहिजे होती. बहिणीच्या घरी वास्तुशांत आहे."

"मग घ्या की," सखाहरी म्हणाला.

मास्तर बारा वर्षं नोकरीत होते. इतक्या लवकर रजा त्यांना कधी मिळाली नव्हती. ते उलट्या पावली बाहेर गेले, आणि बाहेर जाऊन त्यांनी आणखी तिघांना आत पाठवलं. तिघांनाही रजा मिळाली. एकानं आठ दिवस मागितले. सखाहरी म्हणाला, "आठानं भागतंय का बघा."

मग कुलथे साहेब आले. जाडसर, चष्म्यातले, शांत गृहस्थ. ते दारात थबकले.

"कोण आपण? उठा."

"उठायचं नाही," सखाहरी म्हणाला.

"अहो, ही माझी खुर्ची आहे."

"रिकामी होती."

"मी आलोय ना आता. उठा."

"तुम्ही उठा म्हणाल हे कंडक्टरबाईंनी आधीच सांगितलंय."

साहेबांना काही कळेना. शेवटी शिपायानं एक बाजू आणि साहेबांनी दुसरी बाजू धरून खुर्चीच भिंतीकडे सरकवली, आणि साहेब पाहुण्याच्या खुर्चीवर बसले. "तुमचं काम काय?" त्यांनी विचारलं.

सखाहरीनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. आधी संगीत खुर्ची, मग मुरूम, मग मेव्हणा, मग खुरपं. साहेबांनी हात वर केला.

"थांबा. सरकारी कामात तोंडी काही चालत नाही. जे काय सांगायचं ते कागदावर सांगायचं. वर 'प्रति', त्याखाली 'विषय', मग 'महोदय', शेवटी सही. लक्षात ठेवा, गोष्ट कितीही महत्त्वाची असो, तोंडातून शब्द काढायचा नाही, कागद द्यायचा."

सखाहरीनं मान हलवली. साहेबांनी नाव विचारलं. तो काही बोलला नाही. टेबलावरचा कागद ओढला, त्यावर नाव लिहिलं आणि पुढं सरकवला. साहेबांनी गाव विचारलं. त्यानं दुसरा कागद घेतला. असे सात कागद झाले. सातवा अर्ज होता. साहेब म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः येऊन मैदान बघतो. मग ठरवू. आता तुम्ही जा."

सखाहरीनं आठव्या कागदावर 'बरं' लिहिलं आणि तो घरी आला.

मालनला सगळं ऐकून जरा बरं वाटलं. गुरुवारी साहेब येणार म्हणजे काहीतरी हललं होतं. ती उठली, पहाटे चीक शिजवला आणि अंगणात साडी अंथरून त्यावर कुरडया घातल्या. वर्षाच्या कुरडया. शेजारच्या तानाबाईंची म्हैस सुटी असायची. मालन म्हणाली, "मी आत भांडी घासते. तुम्ही इथं बसा. म्हैस आली तर मला लगेच सांगा."

सखाहरी बसला. म्हैस आली. तिनं एक कुरडई खाल्ली, दुसरी खाल्ली आणि मग रांगेनं सुरू झाली.

सखाहरी लगेच उठला. गोष्ट महत्त्वाची होती. त्यानं घरात जाऊन वही शोधली, पान फाडलं. पेन उमटेना. ते तळहातावर घासून सुरू केलं. मग ओट्यावर बसून त्यानं लिहिलं:

"प्रति, सौ. मालन, मु. पो. बोरखिंड, मोरीजवळ.
विषय : म्हैस कुरडया खात असल्याबाबत.
महोदया, वरील विषयी कळविण्यात येते की, तानाबाईंची म्हैस आपल्या कुरडया खात आहे. अर्ज सुरू केला तेव्हा चार ओळी होत्या. आता दीड आहे. तरी आपण त्यात लक्ष घालावे, ही नम्र विनंती.
आपला विश्वासू, सखाहरी.
सोबत : कुरडई, अर्धी."

अर्धी कुरडई त्यानं म्हशीच्या तोंडातून घेतली होती. ती कागदाला टाचणीनं लावून त्यानं कागद मालनपुढं धरला.

मालनचे हात राखेचे. तिनं ते धुतले, पदराला पुसले आणि कागद घेतला. ती अक्षर लावून लावून वाचायची. 'विषय' पर्यंत आली, तेव्हा बाहेर भांड्यासारखं काहीतरी वाजलं. 'लक्ष घालावे' पर्यंत आली आणि पळत बाहेर गेली. अंगणात साडी होती. साडीवर ओला गोल डाग होता. म्हैस फाटकापाशी रवंथ करत होती.

"अहो, तोंड नव्हतं का तुम्हाला?" मालन म्हणाली.

"तोंडी चालत नाही," सखाहरी म्हणाला.

मालन ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "आता मी सांगते ते ऐका. बाकी सगळं विसरा. जे स्वतःचं नाही त्यात कोणी तोंड घालताना दिसलं की लिहीत बसायचं नाही. हातात दांडकं घ्यायचं. 'हैक हैक' करून मोठ्यानं ओरडायचं. आणि वेशीपर्यंत पळवत न्यायचं. वेशीच्या अलीकडं थांबायचं नाही."

"बरं," सखाहरी म्हणाला. त्यानं त्याच दिवशी बाभळीचं एक दांडकं तासून ठेवलं.

गुरुवार उजाडला. कुलथे साहेब जीपमधून आले. बनसोडे बाईंनी शाळा शेणानं सारवून, रांगोळी घालून ठेवली होती. साहेबांनी मैदान बघितलं, मुरूम बघितला, भिंग लावून बघावं तसा बघितला. बारा वाजले होते. मुलांच्या खिचडीचं पातेलं नुकतंच उतरलं होतं. साहेब आले की खिचडी चाखून बघायची, असा नियम होता. साहेबांनी स्वयंपाकाच्या पत्र्याखाली जाऊन पळी हातात घेतली, फुंकर मारली आणि एक घास घेतला. मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती.

त्याच वेळी सखाहरी फाटकातून आत आला. दांडकं त्याच्या हातात होतं. त्यानं बघितलं. पातेलं मुलांचं. ताटल्या रिकाम्या. आणि साहेबांनी दुसऱ्यांदा पळी घातली.

"हैक! हैक!"

साहेबांनी वर बघितलं. सखाहरी पातेल्याच्या दिशेनं येत होता, आणि ओळख पटल्याची कुठलीही खूण त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. साहेबांनी पळी टाकली. ते आधी चालले, मग भरभर चालले, मग पळाले. एक चप्पल मैदानात राहिली. दुसरी ग्रामपंचायतीसमोर राहिली. बनसोडे बाई "अहो सखाहरी, अहो सखाहरी" करत मागं. त्यांच्यामागं जीपचा ड्रायव्हर. मुलांनी मात्र रांग मोडली नाही. रांग मोडायची नाही, असं त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

वेशीला पिंपळाचा पार आहे. साहेब तिथं पोचले आणि पारावर बसले. आता काय व्हायचं ते होऊ दे, अशा बेतानं बसले. सखाहरी थांबला. दांडकं काखेत घातलं.

"इथपर्यंतच सांगितलं होतं," तो म्हणाला.

साहेबांना दम लागला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोवर सखाहरीला साहेबांची ओळख पटली होती. त्यानं दोन्ही हात जोडले, आणि पायजम्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढं केला. विषय : परवानगीची आठवण करून देण्याबाबत.

साहेबांनी तो कागद वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. बनसोडे बाई धापा टाकत येऊन उभ्या राहिल्या. आता पोलीस येणार, सखाहरीला नेणार, आणि आपल्या शाळेचं नाव तालुकाभर होणार, असं त्यांना वाटलं.

"बाई," साहेब अगदी हळू म्हणाले, "याला परवानगी दिली नाही, तर हा परत येईल का ऑफिसात?"

"येईल साहेब."

"बसेल?"

"बसेल."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. तिथंच पारावर, मांडीवर कागद ठेवून त्यांनी परवानगी लिहिली. सही केली. ड्रायव्हरनं जीप आणली आणि साहेब अनवाणीच बसले. जीप वळेपर्यंत त्यांनी मागं बघितलं नाही.

बाईंनी कागद वाचून दाखवला. येत्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. एकच दिवस. शोधायला अर्जदार एकटाच. काम झाल्यावर मैदान होतं तसं करून द्यायचं.

"नीट ऐका हं, सखाहरी," बाई म्हणाल्या. त्यांना अजून दम लागला होता. "होतं तसं म्हणजे अगदी होतं तसं. पंधरा दिवसांवर तालुक्याचे सामने आहेत. कुठं काही उकरलं होतं, हे कोणाला कळतासुद्धा कामा नये. सोमवारी सकाळी मी स्वतः चालून बघणार आहे."

"बरं," सखाहरी म्हणाला. बाकी सगळं पुसून त्यानं हे पाठ केलं.

रविवारी मालननं त्याला भाकरी बांधून दिली. ती शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि थांबली. "मी बाहेरून बघत बसले असते, पण माझ्यानं बघवायचं नाही," ती म्हणाली. "नाही सापडला तरी या. उपाशी राहू नका."

सखाहरी एकटा मैदानात गेला. यंत्र कसं फिरवायचं ते रंगनाथनं त्याला एकदाच दाखवलं होतं, आणि त्यानं ते तसंच केलं. पाऊल पुढं, यंत्र डावीकडं, यंत्र उजवीकडं, पाऊल पुढं. दोर वळतानाही तो असाच चालायचा. त्याला कंटाळा माहीत नव्हता. ऊन चढलं. यंत्र वाजलं की तो बसायचा, मुरूम बाजूला करायचा, बघायचा. बाटलीचं झाकण निघालं. कंपासपेटीतलं कर्कटक निघालं. बैलाचा नाल निघाला. वीस पैशांचं नाणं निघालं. दुपारी त्यानं झाडाखाली भाकरी खाल्ली आणि परत उठला.

तीन वाजता, मैदानाच्या पूर्वेकडं, यंत्र बारीक आवाजात वाजलं. सखाहरी गुडघ्यावर बसला. मुरूम उकरला, खालची माती उकरली. वीतभर खाली काहीतरी लाल चमकलं.

त्यानं तो उचलला. फुंकर मारली. सदऱ्याला पुसला. तीन मोती होते, तिन्ही शाबूत. रोलर वरून गेला होता, पण खालच्या मऊ मातीनं झुब्याला काही होऊ दिलं नव्हतं. सखाहरीनं तो उन्हात धरला. मग कोणी नसताना तो मैदानात एकटाच हसला. कितीतरी वेळ हसत बसला. मालन आता जेवणात मीठ घालेल, काडी काढून टाकेल, कुरडयांचंही विसरेल, असं सगळं त्याच्या मनात आलं.

मग त्यानं वर बघितलं. सूर्य कलला होता. पाचच्या आत मैदान होतं तसं करायचं होतं. तो कामाला लागला. खड्डे बुजवले, धुमसानं चोपले, वर पाणी शिंपडलं, हातानं मुरूम सारखा केला.

घरी आला तेव्हा मालन ओट्यावर बसली होती. ती उठली नाही. उठायचं तिला धाडस होईना.

"सापडला?"

"सापडला."

मालननं पदर तोंडाला लावला. आता मात्र ती रडली. आईच्या आठवणीनं रडली, आणि नवऱ्याबद्दल आपण मनात काय काय बोललो होतो, त्या आठवणीनंही रडली. "मोती?" तिनं विचारलं.

"तिन्ही आहेत. खडा पण आहे. काही झालेलं नाही."

मालननं कानातली काडी काढून टाकली आणि हात पुढं केला. सखाहरी त्या हाताकडे बघत राहिला.

"द्या की," मालन म्हणाली.

"काय?"

"झुबा."

"झुबा मैदानात आहे," सखाहरी म्हणाला.

मालनचा हात तसाच राहिला. "मैदानात म्हणजे?"

"जिथं होता तिथं. वीतभर खाली. मैदान होतं तसं करून द्यायचं, असं कागदावर होतं. झाकण, कर्कटक, नाल, नाणं, सगळं ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवलं. झुब्याला तर मी हातानं माती लोटली. खडा वरच्या बाजूला होता, तो वरच ठेवला."

मालन आत गेली, खुरपं घेऊन आली आणि चपला शोधायला लागली.

"आता कुठं?" सखाहरी म्हणाला. "पाच वाजून गेले. उद्या तालुक्याला जाऊन परत परवानगी काढतो. साहेब आता ओळखीचे झालेत."

मालन ओट्यावर बसली. खुरपं मांडीवर ठेवलं. मग तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बरं, जागा तरी ठाऊक आहे ना तुम्हाला?"

सखाहरीचा चेहरा अभिमानानं फुलला.

"कोणाला कळतासुद्धा कामा नये, असं बाई म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "म्हणून पाचपर्यंत मी स्वतः फिरून फिरून बघितलं. मलासुद्धा सापडली नाही."